त्या गाडीले छत नसते

...नाई नाई, उठून कुठी जाता? लाईन गेली हाये. आली का पहिलं तुमचंच काम घेतो, पण तवर बसा. खुर्ची नाई, त्या टायरवर बसा, कोरडा हाये तो. अना मले एक सांगा, तुमच्या घरच्या बैलाले पंख नसते, बरोबर? मंग तुम्ही बाजारातून पत्रा आणून त्याले पंख ठोकता का? नाई ना! बैलाले पंख नसते हे तुम्हाले समजते, मले समजते, बैलालेही समजते. मंग गाडीले छत नसते हे आमच्या घरच्या म्हाताऱ्याइले काऊन समजलं नसन? चार वर्षं झाले, बोंबलून बोंबलून घसा बसला माहा. त्या गाडीले छत नसते! तुटलं नाई, हरपलं नाई, कोणी चोरलं नाई... बनवणाऱ्यानंच नाई देलं! नसतेच!

तुम्हाले सांगतो, गाडी एकसष्टची. जर्मनीची. दोन सीटा, दोन दरवाजे, समोर हे एवढं लांब नाक, मागं उतरतं बूड, अना वर सरळ आभाळ. जंगलाच्या एका ठेकेदारानं कवाची आणली, मंग ते मूल गावाकडच्या एका राईस मिलवाल्या शेठकडे गेली, शेठ मेले, मिल बंद पडली, अना गाडी गोदामात धानाच्या कोंड्याखाली गळ्यापर्यंत गाडली गेली. चाळीस वर्षं! मी दुसऱ्या वर्षाले कॉलेज सोडून गावात बसलो होतो. काऊन सोडलं म्हणता? इंजिन काचेच्या कपाटात अना कपाटाची किल्ली सरच्या खिशात, सर फळ्यावर पिस्टन काढे तं तो लोटा दिसे, मी म्हटलं सर हा लोटा हाये, सर म्हणे बाहेर हो, मी झालो. तं तवा शेठचा पोरगा गोदाम खाली करून राह्यला होता अना मी हमालीले गेलतो. कोंडा ओढता ओढता फावडं टण्णकन वाजलं. पाहतो तं हेडलाईट! कोंड्यातून एक डोळा माह्याकडे पाहून राह्यला! शेठचा पोरगा म्हणे, घेऊन जा बे, कोंडा आमचा, गाडी तुही. कागदावर सहीही करून देली.

ट्रॅक्टरनं ओढत गावात आणली. अना तिथूनच सुरू झालं.

माहा बाप मनसाराम, आमच्या गावच्या तलावात मासोळ्या धरते. जिंदगी पाण्यात गेली, गाडीचं त्याले इतकंच समजते का ते पाण्यात चालत नाई. तो गाडीभोवती एक चक्कर मारते अना म्हणते, "निक्या, त्या जर्मनवाल्याइले पत्रा पुरला नाई का?" मी म्हटलं, बाबा, अशीच असते. "अशी कशी असन? एवढं लोखंड नाकाले लावलं, थोडं डोक्याले लावते तं काय झालं असतं?" माही आई रंभा म्हणते, "तिकडं ऊन नसन पडत." अना माहे मोठेबाबा, लटारू मोठेबाबा, बापाचे मोठे भाऊ, ज्याइनं उभ्या आयुष्यात सायकलीच्या पुढं काही चालवलं नाई, ते बसले खाटेवर, तंबाखू मळली, अना निकाल देला, "हे गाडी नोहे. हे पाटी हाये. ह्या पाटीत बसून तू जंगलातून जाशीन, अना वाघाले वाटन का कोणीतरी वाढून पाठवलं."

सारं गाव हासलं. हासा! मी म्हटलं, मोठेबाबा, कापडाचा टप असते याले, पाणी आलं तं ओढाचा, हा टप उंदराइनं खाल्ला. झालं! मोठेबाबा उभेच राह्यले. "म्हणजे होतं! छत होतं! पोट्टा आतापर्यंत खोटं बोलून राह्यला!" अजी, कापडाचं! "कापड वाघ फाडते." आता तुम्ही सांगा, याच्यावर काय बोलाचं? ज्या माणसाले प्रत्येक रस्त्याच्या शेवटी वाघच दिसते त्याले जर्मनी कशी समजावाची?

तीन वर्षं, भाऊ. तीन वर्षं मी त्या गाडीच्या खाली पाठीवर झोपलो. कार्बुरेटर चाळणीतून कोंडा काढावा तसा साफ केला, सारे वायर नवे ओढले, पिस्टनच्या रिंगासाठी नागपूरच्या भंगारवाल्याइच्या पायी पडलो, सीटाचं चामडं स्वतः शिवलं, बोटाले अजून भोकं हायेत, हे पाहा. अना तीन वर्षं रोज सकाळी खाटेवरून आवाज, "निक्या, पुढं काय?" दुपारी बापाचा, "निक्या, पुढं काय?" लग्नात, मरणात, मार्कंड्याच्या जत्रेत देवाच्या लाईनीत उभा असलो तरी मागून कोणीतरी म्हातारा खांद्यावर टिचकी मारे, "लटारूचा पुतण्या ना तू? पुढं काय?" अरे पुढं काय म्हणजे? तुमच्या पुढं काय झालं ते तं मी पाहूनच राह्यलो!

अना मंग एक दिवस गाडी सुरू झाली. असा आवाज, भाऊ, जाड, घट्ट, पोटातून... मोहाच्या झाडावरची सारी पाखरं उडाली. मी मोबाईलवर शूटिंग टाकली अना आठव्या दिवशी पुण्याहून फोन. नीलिमाताई. जुन्या गाड्या जशाच्या तशा करून देण्याचा त्याहीचा कारखाना हाये. फोनवर इतकं गोड बोलल्या का मी उभा राहून ऐकलं. "निकेश, इंजिनचा आवाज ऐकला मी, सुरेख! मी स्वतः येते पाहायला. पण माझी एकच अट आहे हं, गाडी ओरिजिनल हवी. कारखान्यातून निघाली तशी. टप मी मागवून घेईन. बॉडीला कुठे हात लावू नकोस. तशी असली तर ती आपण प्रदर्शनात उभी करू, आणि तू माझ्याकडे कामाला यायचंस. राहायला खोली आहे."

खोली! तुम्हाले सांगतो, मले बाकी काही ऐकू नाई आलं. खोली! जिथं सकाळी डोळे उघडले तं खाट नाई, खाटेवर मोठेबाबा नाई, अना "पुढं काय" नाई! पुण्यात एक खोली, ज्याच्या दाराले आतून कडी!

आता इथी माही चूक झाली. मी घरी येऊन साऱ्याइले उभं केलं अना बोट दाखवून सांगतलं, पुढच्या बुधवारी पुण्याची बाई येऊन राह्यली, माह्या जिंदगीचा सवाल हाये, मी दोन दिवस नागपूरले बंपरले चकाकी मारून आणाले जातो, तवर गाडीले कोणीही, कोणीही हात लावाचा नाई. बाप म्हणे, नाई लावत. आई म्हणे, कायले लावू बाई. मोठेबाबा तं काहीच नाई म्हणाले. मी समजलो का ऐकलं. आमच्याकडचा म्हातारा चूप बसला का समजावं, त्याच्या डोक्यात काहीतरी उकळून राह्यलं. पण हे अक्कल मले आता आली.

बुधवारी सकाळी बंपर चादरीत गुंडाळून, लेकरासारखा मांडीवर घेऊन, मी मूलपर्यंत बसनं अना पुढं काळीपिवळीनं आलो. काळीपिवळीतही बंपरसाठी वेगळी जागा धरली, मी अर्धा बाहेर. गावात उतरलो तं ह्या वेल्डिंगच्या दुकानासमोर भल्ली गर्दी. हे दुकान तवा पत्रूभाऊचं. पत्रूभाऊ म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्राल्या बनवणारा, पंचक्रोशीतला एकच वेल्डर, तोंडात बिडी, डोळ्याले काळा चष्मा, बोलणं कमी. मी म्हटलं कोणाचा ॲक्सिडंट झाला का? गर्दी बाजूले झाली...

छत होतं, भाऊ.

त्या गाडीले छत होतं!

दहा एमएमच्या सळाखी, सोळा! दरवाजे उघडतीन इतकी जागा सोडून दोन्ही बाजूनं वाकवून वर बांधल्या अना त्याच्यावर पत्रा, आमच्या घरकुलाचा उरलेला, ज्याच्यावर अजून बापाचं नाव अना लाभार्थी क्रमांक लिहून हाये! कोंबड्यावर डालगा पालथा घालते तसा त्या जर्मन गाडीवर डालगा पालथा घातला होता! अना घरातल्या प्रत्येकानं आपापली अक्कल लावली होती, कोणी मागं नाई राह्यलं. सळाखीच्या मधातून वाघाचा पंजा आत नाई आला पाहिजे म्हणून बापानं आपलं जुनं मासोळ्याचं जाळं चारही बाजूनं ताणून बांधलं. जाळ्याले अजून शेवाळ! चामड्याच्या सीटा वाघाले वासानं समजतीन म्हणून आईनं त्याच्यावर वाकळ शिवली. समोर नारळ फोडला, बोनटवर! बंपर नाई म्हणून बोनटवर फोडला! अना मागं... मागं डिक्कीवर मोठेबाबाइनं स्वतःच्या हातानं पांढऱ्या ऑईल पेंटनं दोन डोळे काढले होते. एवढे एवढे. अना मिशा.

मी म्हटलं, हे काय हाये?

"वाघ मागून येते," मोठेबाबा म्हणाले, शांत, जसं मास्तर सांगते. "समोरून तोंड दिसलं का तो येत नाई. म्हणून आपण जंगलात जाताना डोक्याच्या मागं मुखवटा बांधतो का नाई? तसंच."

अना मिशा कायले?

"त्याले वाटलं पाहिजे का कोणीतरी वजनदार माणूस हाये."

मी ओरडलो. असा ओरडलो का बंपर हातातून पडला. मोठेबाबा, त्या गाडीले छत नसते! नसते, नसते, नसते! तिथल्या मोठ्या मोठ्या इंजिनेराइनं कागदावर पेन्सिलनं काढली ते गाडी, मोजून मापून, अना त्याइनं ठरवून, समजून उमजून, छत देलं नाई! "तिकडं वाघ नसतीन," आई म्हणे. तुम्हाले पटणार नाई, पण सारं गाव मान हालवून राह्यलं होतं, हाव ना, तिकडं नसतीन!

मी म्हटलं पत्रूभाऊ, ग्राइंडर काढा, आत्ताच्या आत्ता कापा. पत्रूभाऊनं बिडी बाजूले केली. "लाईन नाई." मी हेक्सॉ घेतली. एक सळाख कापाले मले पंधरा मिनिटं लागले, हाताची साल निघाली, सोळा सळाखी दोन्ही बुडाले म्हणजे बत्तीस काप, म्हणजे आठ तास, अना इतक्यात खिशात फोन, "निकेश, आम्ही तलावाच्या पाळीवर आलो, डावीकडे वळायचं का?"

मी काय म्हणाचं होतं? नका वळू? पाण्यात जा?

नीलिमाताई उतरल्या. पांढरा कुर्ता, डोळ्याले गॉगल. गॉगल वर केला. गाडीभोवती एक चक्कर मारली, मागं गेल्या, डोळ्यात डोळे घातले, मिशा पाहिल्या. मोठेबाबा पुढं झाले, हात मागं बांधून, "बाई, पोरगं हुशार हाये, पण त्याच्यानं छताचं राहून गेलतं. ते आम्ही करून घेतलं. आता कशीही पाहा, आत चार वाघ आले तरी..." बाप म्हणे, "आत नाई, बाहेर." "हाव, बाहेर."

मी खाली पाहून उभा. माह्यासमोर ते खोली, ते कडी, सारं, पुण्याले वापस जाताना दिसून राह्यलं होतं.

नीलिमाताई म्हणाल्या, "हे कोणी केलं?"

"मी!" मोठेबाबा.

"नाही हो, वेल्डिंग."

साऱ्या गावानं मिळून पत्रूभाऊले पुढं ढकललं. नीलिमाताई गुडघ्यावर बसल्या, त्या मातीत, पांढऱ्या कुर्त्यानं, अना सळाख जिथं दरवाज्याच्या बाजूच्या काठाले चिकटली होती तिथी बोट फिरवलं. मंग दुसऱ्या ठिकाणी. मंग तिसऱ्या. "साठ वर्षांचा पत्रा आहे हा. कागदासारखा. याला साधा गॅस दाखवला तरी भोक पडतं. सोळा सळया... आणि एकही भोक नाही? पत्रा कुठे वाकलेलासुद्धा नाही?"

"भोक काऊन पडन, मॅडम?" पत्रूभाऊ जमिनीकडे पाहून. "एक टाका देला का बिडीचा एक झुरका. तवर पत्रा थंडा होते. मंग दुसरा टाका, पण त्याच्या बाजूले नाई, दूर. मंग एक झुरका."

"किती वेळ लागला?"

"तीन बंडल."

तुम्हाले सांगतो, नीलिमाताईचा चेहरा असा झाला जसा माहा कोंड्यातून हेडलाईट दिसली तवा झाला असन. म्हणे, "पत्रूभाऊ, पुण्यात येता का? मला असा हात सहा वर्षं मिळत नाहीये."

मी म्हटलं, ताई... अना इंजिन? इंजिन म्या केलं. मी.

"इंजिन छानच आहे, निकेश," किती गोड! तशाच गोड आवाजात! "पण इंजिनवाले माझ्याकडे चार आहेत रे. आणि गाडी आता ओरिजिनल नाही राहिली. तुमच्याचकडे असू दे."

खोली गेली. पत्रूभाऊले गेली! ज्यानं माह्या गाडीचा डालगा केला त्याले खोली! अना तो काय म्हणते माहीत हाये? माह्याकडे पाहते, बिडी विझवते, अना म्हणते, "निक्या, तू म्हणशीन तं नाई जात." आता असं विचारल्यावर माणूस काय म्हणन? मी म्हटलं जा. दात चावून म्हटलं, पण म्हटलं. त्यानं दुकानाची किल्ली माह्या हातात देली, "तवर पाहाय," अना नीलिमाताईच्या गाडीत मागं जाऊन बसला. छत असलेल्या गाडीत!

अना मोठेबाबा खूष! काडीनं दात कोरत म्हणते, "चला, गाडी घरीच राह्यली."

मंग मी सोडलं नाई, भाऊ. वयाचा मान गेला चुलीत. म्या साऱ्या गावासमोर म्हटलं, मोठेबाबा, तुम्ही माही जिंदगी वेल्डिंग करून बंद केली. तुम्ही स्वतः काही केलं नाई अना आम्हाले काही करू देत नाई. रोज संध्याकाळी मी गाडीची ट्रायल घेऊन जंगलाच्या रस्त्यानं वापस येतो तं तुम्ही तलावाच्या पाळीवर उभे, जासूसी करत! काय पाहाचं असते तुम्हाले? मी कवा पडतो ते?

मोठेबाबाइनं काडी फेकली. मंग म्हणाले, "जंगू आठवते का तुले?"

जंगू म्हणजे त्याइचा दोस्त. जाळं एकाच्या खांद्यावर, डबा दुसऱ्याच्या, दोघं एकाच सायकलवर तलावावर जाचे. मी लहान होतो तवा वाघानं नेला, हे साऱ्या गावाले माहीत, पण मोठेबाबा त्याच्यावर कधी बोलले नाई.

"मी चालवत होतो, तो मागं बसला होता," म्हणे. "आम्ही बोलून राह्यलो होतो. आवाज नाई, काही नाई. सायकल एकदम हलकी झाली बे, निक्या. मी चार पायडल मारले अना मंग मागं पाह्यलं."

वाऱ्यानं ते जाळं हालून राह्यलं होतं.

आता तुम्हाले वाटन का मी रडलो, त्याइच्या पाया पडलो. नाई पडलो! मले इतका राग आला, इतका, का हे आता सांगता? तीन वर्षं खाटेवरून टोमणे मारले, पाटी म्हटलं, वाढून पाठवलं म्हटलं, अना हे एक वाक्य सांगाले तोंड नाई उघडलं? मले सांगतलं असतं तं मी दिवसाउजेडी वापस आलो असतो ना! इतकी सोपी गोष्ट! पण नाई, हे लोक बोलणार नाई, सोळा सळाखी लावतीन पण बोलणार नाई! अना त्या रागात, भाऊ, माह्या तोंडातून ते निघालं. काऊन निघालं देव जाणे. मी म्हटलं...

"मंग गाडीच्या मागं काऊन लागता? सायकलीले छत लावा ना!"

मोठेबाबाइनं माह्याकडे पाह्यलं. अना मंग हळू म्हणाले, "लागते का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडलं तं सायकल घेऊन उभे! खाटेवरून उठून! तीन वर्षांत पहिल्यांदा "पुढं काय" नाई विचारलं, फक्त मागच्या कॅरिअरवर हात ठेवला अना म्हणाले, "इथी. मागं बसणाऱ्याले झाकलं पाहिजे." आता काय करता? लावलं. एक टाका, थांब. एक टाका, थांब. मी बिडी पीत नाई म्हणून दहापर्यंत मोजलं. त्याइच्या मागं कोणी बसतही नाई आता, पण छत हाये, रिकामं, ते घेऊन ते रोज तलावावर जाते.

ते पाहून पोस्टमन आला. मंग लाईनमन, मंग दूधवाला, मंग ब्रह्मपुरीकडून दोन मास्तर, मोटरसायकलवर जंगलातून ये-जा करणारे. मोहफुलं वेचणाऱ्या बाया जर्मन गाडीच मागते, सकाळी तिच्यात दाटून बसते, वाकळीवर, वर टोपले, अना ते साठ वर्षांची गाडी, जाड, घट्ट, पोटातून आवाज करत जंगलात जाते, बाया आत गाणे म्हणते, मागं मिशा. चालवतो कोण? मीच! दुसऱ्या कोणाच्या हाती देऊ का?

अना पत्रूभाऊचा दर रविवारी पुण्याहून फोन. परवा म्हणे, "निक्या, इथी साऱ्या गाड्या उघड्याच हायेत बे. रांगेनं उभ्या. मॅडम म्हणते अशाच ठेवा." मी म्हटलं, हाव, पत्रूभाऊ, त्या गाड्याइले छत नसते. तो म्हणे, "मले झोप नाई लागत, निक्या." खोलीत! आतून कडी असलेल्या खोलीत झोप नाई लागत त्याले!

म्हणून म्हणतो, भाऊ, ऐका, हे तुमची मोटरसायकल हाये ना, हे कंपनीनं विचार करून बनवली असन का नाई? छत द्याचं असतं तं त्याइनं देलं नसतं का? मोटरसायकलीले छत नसते! नस...

आली. लाईन आली.

सरका मागं. डोळे झाका, चटका बसन. नाई, छत तं करूनच देतो... मागं डोळे पाहिजे का साधं? मिशाचं हो म्हणा, मोठेबाबा स्वतः काढून देते.